सुलतानपुरातली गरम फरशी

संपादकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही जसं बोलता तसंच लिहा." मी म्हटलं, साहेब, तसं लिहिलं तर तुमचे निम्मे वाचक अंक रद्दीत घालतील अन् उरलेले माझ्या घरावर मोर्चा आणतील. फरशीवाल्या माणसाच्या तोंडात दिवसभर दोनच गोष्टी असतात, एक सुपारी आणि दुसरी शिवी. तेव्हा शिव्या गाळतो, आणि वऱ्हाडी जिथं आवरत नाही तिथं ती तशीच राहू देतो.

मी लोणारचा. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर, चकचकीत टाइल, ज्याच्यावरून माणूस घसरून पडू शकतो असं सगळं मी या जिल्ह्यात बसवलेलं आहे. लोक विचारतात, सगळ्यात भारी काम कोणतं? त्यांना वाटतं मी एखाद्या मंगल कार्यालयाचं नाव घेईन. मी सांगतो, सुलतानपूरच्या आबांचा हॉल. खालून गरम होणारी फरशी.

हसा. मीही हसलो होतो. आमच्या भागात मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेलेला माणूस नाचतच खाली येतो. दुपारी कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन बसतात. अशा मुलखात पैसे घालून फरशी तापवायची, म्हणजे समुद्रात नेऊन मीठ टाकायचं.

आबा मोठे शेतकरी. संत्र्याची बाग, सोयाबीन, तूर, आणि शेताच्या कडेला नवीन बंगला बांधायला काढलेला. त्यांनी मला बोलावलं आणि चहाचा घोट घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "मिस्त्री, फरशी गरम पाह्यजे."

मी म्हटलं, "आबा, मार्चपर्यंत थांबा. आपोआप होईन."

ते हसले नाहीत. आबा एरवी हसणारा माणूस, म्हणून मी कप खाली ठेवला.

"डिसेंबरात नात येऊन राह्यली," ते म्हणाले. "मीरा. सहा वर्षांची झाली."

त्यांचा मुलगा प्रवीण नॉर्वेला असतो. सून पुण्याची. मीरा रांगत होती तेव्हा एकदा ते सगळे आले होते, ऐन जानेवारीत. जुन्या घरात शहाबादी, आणि आमच्याकडची पहाटेची थंडी काही साधी नसते. पोरगी त्या फरशीवर रांगली, तिला सर्दी झाली, छाती भरली, आणि सुनेनं दोन रात्रींत तिला उचलून छत्रपती संभाजीनगरच्या हॉटेलात नेलं. सुट्टी तिकडेच संपली. आबांनी नातीला धड मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं. त्यानंतर ते लोक आलेच नाहीत. नुसता मोबाइल.

"मोबाइलात तोंडच दिसते, मिस्त्री," आबा म्हणाले. "मले तिचे पाय पाहाचे हायेत. माह्या घरात चालतानी. अन् तिथं त्याईच्या घरी फरशी गरम असते म्हने. इथं पुन्हा पाय गार पडले तर सून पुन्हा हॉटेलात नेईन. मंग मी कायी आता दुसऱ्या खेपेपर्यंत राहात नाही."

मी म्हटलं, "करू." अन् मग घरी येऊन बायकोला विचारलं की गरम फरशी म्हणजे काय असते. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. खाली थर्माकोलचे जाड तक्ते टाकायचे, म्हणजे ऊब जमिनीत मुरत नाही. त्यावर प्लास्टिकचा पाइप, जिलबीसारखा वळत वळत सगळ्या हॉलभर. त्यावर सिमेंट-रेतीचा कोबा. पाइपातून गरम पाणी फिरतं, कोबा तापतो आणि त्याच्या अंगावरची फरशी तापते. तापलेली वस्तू फुगते, निवली की आकसते. म्हणून भिंतीलगत चारही बाजूंनी बोटभर फट सोडायची, तिच्यात मऊ फोमची पट्टी घालायची आणि वरून स्कर्टिंगनं, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीनं, झाकायची. फट ठेवली नाही तर फरशी फुगून मधूनच उठते. ही बोटभर फट ध्यानात ठेवा, पुढं तिनंच सगळा घोळ घातला.

आणि फरशी कोणती, तर चार बाय आठ फुटांची एकेक. पोर्सिलेनची. जाडी पोराच्या पाटीएवढी. उचलली की मधून लवते. तिला हातानं धरतच नाहीत, लोखंडी चौकटीला लावलेले हवा ओढून चिकटणारे रबरी कप असतात, त्यांनी उचलतात. खाली कोब्यालाही चिकटवायचा मसाला दातेरी करणीनं ओढायचा आणि फरशीच्या पाठीलाही. खाली कुठं हवा राहिली की तिथं बाईनं वरवंटा ठेवला तरी तडा. एवढी मोठी फरशी का, तर सांधे कमी येतात, आणि पातळ का, तर लवकर तापते. हे सगळं मला प्रवीणनं पाठवलेल्या व्हिडिओतून कळलं. त्यात एक पांढरे कपडे घातलेला गोरा माणूस एकटाच फरशी बसवतो आणि शेवटी हसतो. त्याच्या हॉलमध्ये एकही बकरी शिरत नव्हती.

पाणी तापवायला प्रवीणनं एक मोठं थोरलं विजेचं यंत्र पाठवलं होतं. आमच्या व्होल्टेजवर ते एकदा घुर्र करायचं आणि आजारी पडायचं. आबांनी चार दिवस त्याची समजूत काढली. मग मेहकरहून भला मोठा बंब बनवून आणला, घराच्या मागच्या बाजूला बसवला, त्याला छोटा पंप जोडला, आणि खालून तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवल्या. नॉर्वेची फरशी सुलतानपुरात तुराट्यांवर चालू झाली.

आता नियम असा की फरशी बसवायच्या आधी नुसता कोबाच हळूहळू तापवून घ्यायचा, पुन्हा निवू द्यायचा. म्हणजे त्याला जे फाटायचंय ते आधीच फाटून घेतो. लग्न लागायच्या आधी रडून घ्यावं तसं. मी आबांना बंब कसा पेटता ठेवायचा ते समजावलं आणि लोणारला आलो. परत गेलो तर हॉलभर सोयाबीन.

खोटं नाही सांगत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिवळंधमक सोयाबीन पसरलेलं. काढणीत पाऊस येऊन सगळ्यांच्या गंज्या भिजल्या होत्या, उन्हाचा पत्ता नव्हता, आणि गावात खबर गेली की आबांच्या हॉलमध्ये खालून जाळ आहे. मधोमध अक्का, म्हणजे आबांच्या मंडळी, पदर खोचून सोयाबीन वरखाली करत होत्या. गल्लीतल्या बाया कोपऱ्यात चहा घेत बसलेल्या. आणि एक मांजर अंग सैल सोडून असं झोपलेलं, की मला ते मेलंच वाटलं.

"अक्का!" मी ओरडलो. "हे काय करून राह्यल्या?"

"सोयाबीन वाळवून राह्यली. दिसत नाही काय?"

"अवो, ते वल्लं हाय! त्याचं पानी कोब्यात मुरते! कोबा वाळाची वाट पाहून मी म्हातारा होऊन राह्यलो, अन् तुम्ही त्याले पानी पाजून राह्यल्या!"

"मंग?" अक्का म्हणाल्या. "लोकाईचं पीक सडू द्याचं? तुह्या कोब्याले कोन खाते?"

मी आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर पाहत होते. नंतर हळूच म्हणाले, "मिस्त्री, नाही म्हनवत नाही रे. पाइप वढाले सगळा गाव आलता."

माझा जोडीदार दादाराव, पहिल्यापासून माझ्यासोबत आहे, आणि शेतकरीही आहे. त्यानं खाली बसून मूठभर दाणे दातांखाली धरून पाहिले. म्हणाला, "मिस्त्री, झकास वाळलं बे. आपलंही आनतो." मी चप्पल काढली तेव्हा तो उठला.

शेवटी दोन गंज्या आणखी वाळल्या, मग दार बंद केलं. कोब्यात ओल आहे का हे पाहायची आमची साधी रीत आहे. प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं कोब्यावर डकवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतून घाम दिसला तर थांबायचं. रोज सकाळी आबा गुडघ्यावर बसून त्या प्लास्टिककडे पाहायचे. घाम दिसला की तोंड उतरायचं. प्रवीणची तिकिटं निघालेली होती, आणि कोबा काही ऐकत नव्हता. एका सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं आणि आबांनी मला चक्क मिठी मारली. मी फोन करून फरश्या मागवल्या.

त्या कशा आल्या, ट्रक शेताच्या पांदीत कसा फसला, ते सोडा. आल्या. हिशोबानं जितक्या लागतात तितक्या, आणि वर एक जादा. एवढ्या मोठ्या मालात एक जादा ठेवावीच लागते. मी ती सगळी चळत लाकडी घोड्यावर उभी करून ठेवली आणि गावातल्या प्रत्येक माणसाला बजावलं, हात लावू नका, टेकू नका, शिंकू नका.

सकाळी शुभारंभ. अक्कांनी पहिल्या फरशीला हळदकुंकू लावलं. आबांनी हात जोडले, उदबत्ती ओवाळली आणि नारळ हातात घेतला. मी त्या वेळी मसाला कालवत होतो, माझी पाठ होती. नारळ फोडायचा म्हणजे दगड लागतो. नव्या घरात दगड कुठला? सगळीकडे गुळगुळीत. आबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि हाताशी जी टणक वस्तू दिसली तिच्या कडेवर देवाचं नाव घेऊन नारळ आपटला.

आवाज आला. मी वळलो. फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटली होती. नारळ शाबूत होता.

आबा एकदा नारळाकडे पाहत होते, एकदा माझ्याकडे. मी काय काय बोललो ते संपादकसाहेब छापणार नाहीत. करणी फेकली, हात धुतले आणि तडक स्टँडवर जाऊन बसलो. एसटी येईना, राग जाईना. जरा वेळानं आबा मोटारसायकलवर आले. नारळ अजून हातातच.

"मिस्त्री, चाल."

"मी येत नाही. तुमचं घर, तुमचा नारळ. आता जादा फरशी नाही, एकही. यापुढं काही फुटलं तर नवी याले महिना लागते. तवर तुमची नात येऊन हॉटेलात जाईन अन् विमानात बसन."

म्हातारा माझ्या बाजूला बाकावर बसला. नारळाला नुसता हात फिरवत राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला दुसऱ्याचं रडं पाहवत नाही, मी त्यातून सुटायला उठतो आणि लोकांना वाटतं मी मोठ्या मनाचा. उठलो. जाता जाता तो नारळ स्टँडच्या पायरीवर मीच फोडला आणि खोबरं एसटीची वाट पाहणाऱ्यांना वाटून टाकलं.

मग फरश्या बसवल्या. दादाराव, मी आणि गावातली चार धीराची माणसं. दादारावानं सगळ्यांना श्वास धरायला लावला, एक जण दुसऱ्याच फरशीला चक्कर येऊन बसला, तेव्हापासून श्वास घ्यायची परवानगी दिली. एकेक फरशी मसाल्यावर टेकली की मी पालथा होऊन तळहातानं मधून कडेपर्यंत दाबत जायचो. अशी ती बसली, की हॉलमध्ये पाणी ओतल्यासारखं वाटायला लागलं. खरं सांगतो, असं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

राहिला आग्नेय कोपरा, आणि राहिली शेवटची फरशी.

आमच्याकडं कोणत्याही घरात फरशीवाला आग्नेयेला एक टाइल सोडतो. तिथं वास्तुशांतीच्या दिवशी वास्तुपुरुष पुरतात. छोटीशी प्रतिमा असते, ती खड्ड्यात पालथी ठेवतात, मग वरून टाइल बसवायची. हे कोणी शिकवत नाही, फरशीवाल्याला चुना-सिमेंटासारखंच ते ठाऊक असतं. पाइप टाकतानाच मी त्या कोपऱ्यात वळसा घालायला लावला होता, मधे हातभर माती मोकळी. पण इथं एक टाइल सोडायची म्हणजे चार बाय आठ सोडायची! तेवढ्या खड्ड्यात वास्तुपुरुषच काय, त्याचे सोयरेही मावले असते. म्हणजे अख्ख्या फरशीचा कोपरा चौकोनी कापून काढणं आलं. आणि पातळ फरशीला आतला काटकोन कापला की तडा तिथूनच पळतो.

प्रवीण फोनवर म्हणाला, "आबा, खड्डा कॅन्सल करा. रिस्क आहे. नॉर्वेत कोणी पुरत नाही."

अक्का फोनकडं तोंड करून म्हणाल्या, "वास्तुपुरुष नाही तर मी या घरात पाऊल टाकत नाही. तू अन् तुहा बाप बसा गरम गरम."

झालं. आता आबांची अवस्था अशी की फरशी फुटली तर नात जाणार, न कापली तर बायको येणार नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं. आधी आतल्या कोनाच्या जागी एक गोल भोक पाडलं, कारण गोलातून तडा पळत नाही. मग दोन्ही बाजूंनी त्या भोकापर्यंत कापत गेलो, पाणी सोडत, हळूहळू. दादाराव पाणी सोडताना मारुतीचं नाव घेत होता आणि मी त्याला गप्प बस म्हणून शिव्या घालत होतो, त्यामुळं मारुतीला आमचं दोघांचंही ऐकू गेलं असणार. चौकोन सुटून हातात आला. फरशी अखंड. मी दार उघडलं तर आबा उंबऱ्याला टेकून डोळे मिटून बसलेले. "झालं काय?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

वास्तुशांत झाली. गुरुजी मोठे हौशी. खड्डा पाहून म्हणाले, "अजून थोडा खोल पाहिजे," आणि कुदळ मागितली. मी खड्ड्यावर आडवाच झालो. "गुरुजी, याच्या आजूबाजूले गरम पान्याचा पाइप हाय. कुदळ लागली तर वास्तुपुरुषासकट आपलीही आंघोळ होईन." मग त्यांनी आहे त्यातच भागवलं. सप्तधान्य टाकलं, आणि चिमूटभर नाही, अक्कांनी सूपभर आणून दिलं होतं. विहिरीतलं शेवाळ टाकलं. दूध, पाणी, दहीभात. प्रतिमा पालथी ठेवली, वर भुसभुशीत माती. दादाराव माझ्या कानाशी म्हणाला, "मिस्त्री, ही तर पेरनी झाली बे." मी त्याला कोपरानं ढोसलं. कापलेला चौकोन वर बसवला, कडेनं रबरी सील ओढलं, आणि भिंतीची बोटभर फट नेहमीसारखी सोडून वरून स्कर्टिंग दाबलं. ते नुसतं टेकवलेलं होतं, पाहुणे गेले की पक्कं करणार होतो.

मग आठवड्याभरानं ते आले.

मला आणि दादारावला आबांनी मुद्दाम बोलावलं होतं. सगळी गल्ली जमली होती. दादारावाकडं बंब. आता त्याला किती सांगितलं, की कोमट ठेव. पण नॉर्वेचे पाहुणे येणार म्हणून त्यानं उत्साहात पहाटेपासून तुराट्याच तुराट्या कोंबल्या होत्या. गाडी थांबली. मीरा उतरली, जाड बूट, जाड मोजे. अक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा म्हणाले, "बाई, बूट काढ. मोजेही काढ."

एवढ्याशा पोरीच्या पायांकडं कधी चाळीस-पन्नास माणसं टक लावून पाहत असतील का? सगळी गल्ली खिडक्यांतून तिचे पाय पाहत होती. तिनं बूट काढले. मोजे काढले. पाऊल टाकलं. आणि दुसऱ्या क्षणी एक पाय वर, मग दुसरा वर, टुणटुण उड्या मारत ती आईच्या अंगावर चढली.

"अहो आबा, हे केवढं तापलंय!" सून म्हणाली. "आणि बाहेर किती छान ऊन आहे. कशाला एवढं? बंद करता येईल का?"

बंब काही बटन दाबून बंद होत नाही. सगळे पाहुणे बाजेवर पाय वर घेऊन बसले. अक्काही बसल्या. आबा तेवढे खाली उभे, अनवाणी, चटके सोसत. प्रवीण हळूच म्हणाला, "आबा, तसं हॉटेल बुक करून ठेवलंय. बॅगा गाडीतच आहेत. आजची रात्र पाहू, नाहीतर उद्या निघू." आबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी मागच्या दारानं जाऊन दादारावाच्या नावानं जो शंख केला, तो मेहकरपर्यंत गेला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन. "मिस्त्री, लवकर ये. आग्नेय कोपरा फुटला."

मी आणि दादाराव धावत गेलो. डोक्यात एकच, तडा पळाला, फरशी गेली. आत शिरतो तर मीरा कोपऱ्यात पालथी पडलेली, अनवाणी, गाल फरशीला टेकवलेला. रात्रीतून बंब विझत आला होता आणि फरशी आता होती तशी कोमट, अगदी त्या व्हिडिओतल्यासारखी. आणि भिंतीच्या कडेला, मी सोडलेल्या बोटभर फटीतून, स्कर्टिंगला पुढं ढकलून पिवळट पोपटी अंकुर वर आलेले. ज्वारी, गहू, मूग. हे असे, बोटबोटभर.

दादाराव म्हणाला, "सांगतलं होतं मी."

खरंच होतं. खाली ऊब, आत ओल, वर झाकण. घटस्थापनेचे घट याहून काय वेगळे असतात? मी हातात सीलची बंदूक आणि पटाशी घेऊन पुढं झालो, तशी मीरा उठली आणि दोन्ही हात पसरून माझ्या आडवी उभी राहिली.

"काका, नाही!" ती म्हणाली. "खाली कोणीतरी आहे."

"कोन हाय?" मी विचारलं.

"आजी म्हणाली. घराचा माणूस आहे. तो पोटावर झोपलाय. आणि त्याला थंडी वाजू नये म्हणून आबांनी सगळी फरशी गरम केली."

मी अक्कांकडं पाहिलं. अक्का छताकडं पाहत होत्या.

"आबा," मीरा वळून म्हणाली, "रोज गरम ठेवशील? तो उठेपर्यंत?"

"ठेवीन, बाई," आबा म्हणाले.

त्या दिवशी बॅगा गाडीतून घरात आल्या. सुट्टीभर ते लोक तिथंच राहिले. मीरा सगळा वेळ त्या कोपऱ्यात, अनवाणी, वाटीनं पाणी घालत. पाणी कोब्यात मुरत होतं, सगळं माझ्या शास्त्राविरुद्ध, आणि मी सीलची बंदूक केव्हाच पिशवीत घातली होती. आबा खुर्ची टाकून तिचे पाय पाहत बसायचे. सुनेनंच एकदा म्हटलं, "आबा, तिला तिकडेसुद्धा एवढं अनवाणी फिरताना पाहिलं नाही."

मग ते गेले. मी स्कर्टिंग पक्कं करायचं राहिलंय म्हणून दोनदा निरोप पाठवला. आबांचं उत्तर एकच, राहू दे.

मे महिन्यात गोठ्यात हौद बांधायचा म्हणून आबांनी बोलावलं. भर दुपारी सुलतानपूरच्या स्टँडवर उतरलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटत होतं. लांबून पाहतो तर आबांच्या बंगल्यामागून धूर. आग लागली की काय म्हणून पळत गेलो. आग नव्हती. बंब पेटलेला होता.

आत कूलर घरघरत होता, पंखा फुल्ल होता, आणि आबा बनियनवर, डोक्यावर ओला पंचा टाकून, बाजेवर पाय वर घेऊन बसलेले. घामानं निथळत होते. अक्का दुसऱ्या खोलीतून ओरडल्या, "मिस्त्री, समजाव रे याईले. म्हातारा येडा झाला." मी फरशीवर पाय ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. कोपऱ्यात फटीजवळ हिरवी ज्वारी डुलत होती.

"आबा! मे महिना हाय! ज्वारी तर तशीही वाढन ना!"

"मले मालूम हाय," आबा म्हणाले. "पन आज रविवार. तिचा फोन येते."

एवढ्यात फोन वाजलाच. आबांनी मोबाइल कोपऱ्याकडं धरला, ज्वारी दाखवली. तिकडून आवाज आला, "आबा, उठला का तो?"

"नाही, बाई. झोपलाच हाय."

"फरशी गरम आहे ना? हात लावून सांग."

आबा बाजेवरून वाकले, तळहात फरशीवर टेकवला आणि तसाच ठेवला. चटका बसत होता, मला दिसत होतं. हात काढला नाही.

"गरम हाय, बाई," ते हसत म्हणाले. "पाह्य, हात ठेवला." फोन संपल्यावर त्यांनी तळहातावर फुंकर मारली आणि माझ्याकडं पाहिलं. "मी तिले रोज गरम ठेवतो म्हनलं होतं. रोज नाही होत, मिस्त्री. रविवारी तरी खोटं कसं बोलू?"

मी कूलरचं तोंड त्यांच्याकडं फिरवलं आणि बाजेवर पाय वर घेऊन बसलो.

"मिस्त्री," आबा म्हणाले, "प्रवीण तिले घेऊन पुन्हा फोन करतो म्हने, आईसंग बोलाले. तवर मागं जाऊन दोन तुराट्या टाक बरं."

मी उठलो आणि टाकून आलो.